आर्टिकलशिपचं विद्यावेतन आणि मुंबईचं भाडं

सीए होऊ पाहणाऱ्या मुलाला मुंबईत दोन वर्षं जवळजवळ फुकट राबावं लागतं आणि त्यात वावगं काही नाही, असं मानणारी माणसं माझ्या भोवती पुष्कळ आहेत. त्यांतली बरीचशी सज्जन आहेत, स्वतः कष्टानं शिकलेली आहेत. ‘आम्हीही असेच शिकलो,’ एवढं म्हणून ती विषय मिटवतात. मला ते पटत नाही. आर्टिकलशिपचं, म्हणजे सीएच्या हाताखाली करायच्या सक्तीच्या उमेदवारीचं, किमान विद्यावेतन या शहरात एका माणसाला साधेपणानं राहता, जेवता आणि प्रवास करता येईल इतकं असलं पाहिजे आणि ते नियमानं बांधून दिलेलं असलं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. मुलांची दया येते म्हणून मी हे लिहीत नाही. कंपन्यांचे हिशेब तपासणारी, कर्जाचे प्रस्ताव मांडणारी, धंद्याची किंमत ठरवणारी माणसं कुठे आणि कशी तयार होतात, हा प्रश्न ठेवीदारांपासून कामगारांपर्यंत सगळ्यांचा आहे.

ही पद्धत मुंबईला जुनीच. सिडनहॅम कॉलेज १९१३ साली सुरू झालं. आशियातलं पहिलं वाणिज्य महाविद्यालय म्हणून त्याची ओळख आहे. पुढे १९१८ साली मुंबईतच गव्हर्न्मेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी हा अभ्यासक्रम आला. तो डिप्लोमा मिळवायचा आणि मान्यताप्राप्त अकाउंटंटच्या हाताखाली तीन वर्षं काढायची, मग स्वतंत्रपणे काम करण्याचं प्रमाणपत्र मिळे. वर्गातलं शिक्षण आणि ऑफिसातलं शिक्षण यांची गाठ तेव्हाच बांधली गेली. १९४९ च्या कायद्यानं इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया उभी राहिली आणि तिनं ही गाठ सोडली नाही. २०२३ च्या नव्या योजनेत तीन वर्षांची दोन झाली, इंटर आणि फायनल या परीक्षेच्या दोन टप्प्यांचे पेपर आठाऐवजी सहा-सहा झाले. तरी प्रिन्सिपलच्या, म्हणजे आर्टिकलशिप देणाऱ्या सीएच्या, हाताखाली काम केल्याशिवाय सीए होता येत नाही, हा मूळ नियम टिकला. तो टिकला हे फार चांगलं झालं. का, ते जरा सविस्तर सांगते, कारण माझी सगळी मागणी त्यावर उभी आहे.

मी कॉमर्सच्या मुलांना फायनान्शियल मॅनेजमेंट शिकवते. हा विषय सीएच्या इंटरला सहाव्या पेपरात येतो आणि फायनलला दुसऱ्या पेपरात ‘ॲडव्हान्स्ड’ होऊन पुन्हा समोर उभा राहतो. भांडवलाचा सरासरी खर्च कसा काढायचा, प्रकल्पातून पुढे येणाऱ्या पैशाचं आजचं मोल किती, लाभांश किती वाटावा, एका कंपनीनं दुसरी विकत घ्यावी का, हे सगळं मुलं शिकतात. गणितं सोडवण्यात आपली मुलं तरबेज असतात. मोदिग्लियानी आणि मिलर या अर्थशास्त्रज्ञांनी १९५८ साली मांडलेला सिद्धांत त्यांना तोंडपाठ असतो: कर नसतील, व्यवहाराला खर्च येत नसेल, सगळ्यांना सारखी माहिती असेल, तर भांडवल कर्जातून उभारलं की शेअरमधून, यानं कंपनीची किंमत बदलत नाही. पण हा सिद्धांत समजतो तो त्याच्या अटी एकेक करून मोडताना पाहिल्यावर. आणि त्या मोडताना पाहायच्या तर वसईच्या किंवा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत जावं लागतं.

तिथला सुटे भाग बनवणारा एखादा कारखाना डोळ्यांसमोर आणा. वर्षाची उलाढाल आठ कोटी. रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीनं लघुउद्योगांच्या कर्जासाठी दिलेल्या सूत्रानं खेळत्या भांडवलाची गरज उलाढालीच्या २५ टक्के, म्हणजे दोन कोटी. त्यातले एक कोटी साठ लाख, म्हणजे उलाढालीच्या २० टक्के, बँक देणार आणि उरलेले चाळीस लाख मालकानं घालायचे. पुस्तकात गणित इथं संपतं, ऑफिसात ते इथं सुरू होतं. मालक दर महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट देतो. किती माल पडून आहे, त्यातल्या किती मालाचे पैसे पुरवठादाराला अजून द्यायचे आहेत, कोणाकडून किती येणं आहे आणि ते किती जुनं आहे. नव्वद दिवसांहून जुनी येणी बँका सहसा धरत नाहीत. उरलेल्या रकमेतून मार्जिन, म्हणजे मालकाचा वाटा, कापून ड्रॉइंग पॉवर, म्हणजे बँकेतून उचलता येईल ती रक्कम, ठरते. एखादी मोठी कंपनी याचे पैसे चार-चार महिने अडकवून ठेवते. येणी नव्वद दिवस ओलांडतात, ड्रॉइंग पॉवर घसरते, आणि धंदा नफ्यात असूनही पगाराच्या तारखेला खात्यात पैसे नसतात. मग स्टेटमेंटमध्ये माल फुगवून दाखवण्याचा मोह होतो. गेल्या महिन्यात होता तोच माल, तीच रक्कम, या महिन्यातही.

ही गोष्ट दिसण्याची पहिली संधी बहुतेक वेळा वीस-एकवीस वर्षांच्या आर्टिकलला, म्हणजे आर्टिकलशिप करणाऱ्या मुलाला, मिळते. ती त्याच्या लक्षात आली पाहिजे, विचारण्याचं धाडस झालं पाहिजे, आणि मिळालेलं उत्तर खरं की खोटं हे ताडता आलं पाहिजे. लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावेत, असं २००६ चा कायदा सांगतो. मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरू द्यायची नाही, अशी दुरुस्ती २०२३ साली प्राप्तिकर कायद्यात झाली. पुस्तकात ती एका परिच्छेदाची आहे. ती का करावी लागली, हे मुलाला वसईत कळतं.

कंपनीची किंमत काढतानाही हेच होतं. पुस्तकातल्या गणितात बीटा, म्हणजे बाजाराच्या चढउताराबरोबर शेअर किती हलतो तो आकडा, दिलेला असतो. वसईचा कारखाना शेअर बाजारात नाही, त्याचा बीटा आणायचा कुठून? मग बाजारात नोंदलेल्या त्याच्यासारख्या कंपन्या शोधायच्या, त्यांच्या बीटामधला कर्जाचा परिणाम वजा करायचा, आपल्या कारखान्याचं कर्ज धरून आकडा पुन्हा जुळवायचा, आणि ‘त्याच्यासारखी’ कंपनी नेमकी कोणती यावर सीनिअरशी अर्धा दिवस वाद घालायचा. दिवाळखोरी संहिता २०१६ साली आली. तेव्हापासून कंपनी न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठापुढे येणाऱ्या प्रकरणांत नोंदणीकृत मूल्यांकक कंपनीच्या मालमत्तेचं वाजवी मूल्य आणि अवसायन मूल्य, म्हणजे कंपनी मोडीत काढली तर येणारी रक्कम, ठरवतात. बँका, पुरवठादार आणि कामगार यांच्या हाती शेवटी काय लागणार, याचा मोठा भाग या आकड्यांवर अवलंबून असतो. अशा कामात माहिती गोळा करणारे, तक्ते भरणारे, चूक शोधणारे हात शिकाऊ मुलांचेच असतात. आणि ३१ मार्चला भिवंडीच्या गोदामात उभं राहून खोकी मोजायचं काम काही मुलांना हलकं वाटतं, पण माझ्या मते या धंद्यातलं सर्वांत जबाबदारीचं काम तेच आहे. ताळेबंदावरचा मालाचा आकडा खरा की खोटा, याचा निकाल तिथं लागतो.

इतकं मोलाचं शिक्षण जिथं मिळतं, तिथलं किमान विद्यावेतन मुंबईसारख्या शहरासाठी महिन्याला चार-पाच हजारांच्या घरात आहे. नव्या योजनेत वाढवल्यानंतरचा हा आकडा. उपनगरात पेइंग गेस्ट म्हणून एक खाट घ्यायची म्हटली तरी याहून जास्त भाडं पडतं. जेवण, लोकलचा पास, मोबाइल आणि पुस्तकं त्यापुढची. मोठ्या फर्म याच्या काही पट देतात, हे खरं. पण त्यांच्याकडच्या जागा मोजक्या, आणि त्या मिळतात पहिल्या प्रयत्नात इंटरचे दोन्ही ग्रुप काढणाऱ्या, सफाईनं इंग्रजी बोलणाऱ्या, चांगल्या कॉलेजातून आलेल्या मुलांना. बाकीच्यांचं भवितव्य त्या किमान आकड्याला बांधलेलं असतं.

हाच देश दुसऱ्या शिकाऊ मुलांशी कसा वागतो ते पाहण्यासारखं आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली २०१९ साली नियम सुधारले गेले, तेव्हा पदवीधर उमेदवाराचं किमान विद्यावेतन ९,००० रुपये ठरलं. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकारनं उचलला. मेडिकलची इंटर्नशिप करणाऱ्या डॉक्टरांचं विद्यावेतन वाढवा म्हणून आंदोलनं होतात आणि लोकांना ती योग्य वाटतात. लोअर परळच्या ज्या गिरण्यांच्या जमिनीवर आज फायनान्सची ऑफिसं उभी आहेत, त्या गिरण्यांत बदली कामगारालासुद्धा काम मिळालं त्या दिवसाची मजुरी मिळत असे. आता त्याच जागेवर, लेखापरीक्षणाच्या कामासाठी अशिलाला बिल लावलं जातं, त्या बिलात आर्टिकलचे तास धरलेले असतात, आणि आर्टिकलच्या हाती मात्र पास-जेवणापुरतंही येत नाही.

याचा परिणाम कोणावर होतो? दादर-पार्ल्यात स्वतःचं घर, वडील बँकेत, आई शिक्षिका, अशा घरातल्या मुलाला ही दोन वर्षं निभावून नेता येतात. त्याच्या कष्टांना कमी लेखायचं कारण नाही. परीक्षा त्यालाही तितकीच अवघड असते. पण बदलापूर-टिटवाळ्याच्या मुलाचे वडील एखाद्या दुकानात कामाला असतील आणि पाठची बहीण बारावीत असेल, तर बी.कॉम. झाल्या झाल्या घरातून पहिला प्रश्न येतो, ‘आता पगार किती आणणार?’ हा प्रश्न विचारणारे आईवडील शिक्षणाचे शत्रू नसतात. त्यांनी पंधरा वर्षं फी भरलेली असते आणि हिशेब त्यांनाही कळतो. मग मुलगा एखाद्या बँकेच्या बॅक-ऑफिसात लागतो, कधीतरी उरलेला ग्रुप देऊ म्हणतो, आणि ते कधीतरी पुढेच जात राहतं. रत्नागिरी, सातारा, जळगावहून येणाऱ्यांना तर राहण्याचाच प्रश्न पहिला. त्यातले पुष्कळ जण गावाकडेच आर्टिकलशिप करतात आणि शेअर बाजार, मोठ्या बँका, न्यायाधिकरण यांचं जग त्यांना फक्त छापील कागदावर भेटतं.

मुलींचं आणखी वेगळं. विद्यावेतन प्रवासातच संपणार असेल तर ‘फोर्टला कशाला, इथंच कल्याणात बघ’ असं घरी ठरतं. घराजवळच्या छोट्या फर्ममध्ये चांगलं शिकवणारे प्रिन्सिपल असतात, मला असे कितीतरी माहीत आहेत. पण तिथलं काम बहुधा जीएसटी रिटर्न, टीडीएस आणि टॅक्स ऑडिट यांच्यापुरतं असतं. कॉर्पोरेट फायनान्स म्हणून आपण ज्याला म्हणतो, म्हणजे कर्जउभारणी, मूल्यांकन, विलीनीकरण, पब्लिक इश्यूची तयारी, ते तिथं क्वचित पोहोचतं. दोन वर्षांनी फायनलला बसलेल्या दोन मुलींपैकी एकीनं प्रॉस्पेक्टसचा, म्हणजे पब्लिक इश्यूच्या माहितीपत्रकाचा, मसुदा हाताळलेला असतो आणि दुसरीनं त्याची व्याख्या पाठ केलेली असते. हा फरक त्यांच्या बुद्धीनं पडलेला नसतो, कोणाच्या घरानं किती दिवस पोसलं त्यानं पडलेला असतो.

आता ज्या गोष्टीबद्दल बोलायचं सगळे टाळतात तिच्याकडे येते. डमी आर्टिकलशिप. नाव एका फर्मच्या रजिस्टरवर, मुलगा दिवसभर क्लासमध्ये किंवा लायब्ररीत. विद्यावेतन खात्यात जमा झालेलं दिसतं आणि कुठे कुठे ते रोखीनं परत जातं, अशी कुजबुज प्रत्येक बॅचमध्ये ऐकू येते. इन्स्टिट्यूटच्या नियमांनी हे गैरवर्तन आहे. त्यावर कारवाईची सूचनापत्रकं निघतात, आणि तरीही हे चालतं, कारण त्यामागचं गणित सरळ आहे. ऑफिसातल्या दोन वर्षांचे पैसे जवळजवळ मिळणारच नसतील, आणि फायनल पहिल्या प्रयत्नात निघाली तर वर्ष वाचणार असेल, तर घरी बसून अभ्यास करणं मुलाला फायद्याचं वाटतं. नोव्हेंबर २०२४ च्या फायनलला दोन्ही ग्रुप एकत्र देणाऱ्यांपैकी १३.४४ टक्के उत्तीर्ण झाले. हा आकडा समोर असताना आठवड्याला पस्तीस तास व्हाउचर तपासण्यात ‘घालवायचे’ का, असा विचार मुलाच्या मनात आला तर त्याला एकट्याला दोष देऊन भागत नाही. ज्या कामाला दाम नाही, त्याला किंमत नाही असा संदेश त्याला नियमानंच दिलेला असतो. योग्य विद्यावेतन देणारी फर्म आर्टिकलची हजेरी बघते, त्याचं काम तपासते, त्याला शिकवायचा त्रासही घेते, कारण तिचे पैसे गेलेले असतात. डमीवर याहून खात्रीचा उपाय मला दिसत नाही. छापे आणि सूचनापत्रकं हवीतच, पण ती पाठीमागून येतात.

डमी मुलाचं नुकसान त्याचं त्याच्यापाशी राहिलं असतं तर हा खासगी प्रश्न होता. तसं नाही. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचं प्रकरण मुंबईकर विसरलेले नाहीत. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले, ठेवीदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते, आणि भांडुपपासून मुलुंडपर्यंत निवृत्त माणसं शाखांच्या बंद दारांपुढे उभी होती. कर्जाचा सत्तर टक्क्यांहून मोठा हिस्सा एकाच बांधकाम समूहाकडे अडकला होता आणि तो लपवण्यासाठी हजारो बनावट खाती उघडली होती, असं तपासात पुढे आलं. त्यात कोणाची किती चूक, हे ठरवायचं काम न्यायालयाचं. मला दिसतं ते इतकंच, की या जातीची लबाडी पकडायला वर बसलेल्या भागीदाराची सही पुरत नाही. खाली खात्यांची यादी घेऊन बसलेला कोणी तरी असावा लागतो, ज्याला एकाच पद्धतीनं उघडलेली खाती पाहून संशय येतो. तो संशय येण्याची सवय दोन वर्षांत लागते, नाहीतर पुढे लागणं कठीण. ती दोन वर्षं लायब्ररीत गेली, किंवा घरखर्चासाठी संध्याकाळच्या शिकवण्या घेता घेता अर्ध्या झोपेत गेली, तर पुढचा सीए परीक्षेत हुशार आणि ऑफिसात आंधळा निघतो. सत्यमचा घोटाळा उघड झाला २००९ साली, आयएल अँड एफएस ही वित्तकंपनी कोसळली २०१८ साली. दर वेळी आपण नियामकांवर बोलतो, कायदे कडक करतो, लेखापरीक्षकांवर देखरेख करणारी एनएफआरएसारखी संस्था उभी करतो. तपासणारी माणसं ज्या वयात घडतात त्या वयाकडे मात्र बघत नाही.

या मागणीवर दोन आक्षेप मी नेहमी ऐकते. पहिला असा, की आर्टिकलशिप हे शिक्षण आहे, नोकरी नाही. शिकणाऱ्यानं पगार कसा मागायचा? ज्या इंग्लंडमधून ही पद्धत आपल्याकडे आली, तिथं एके काळी शिकाऊ कारकून ठेवून घेण्यासाठी पालकच मालकाला मोठी रक्कम देत. आज तिथल्या चार्टर्ड अकाउंटन्सीच्या विद्यार्थ्याला फर्म पगार देते, आणि सहसा परीक्षेची फी व अभ्यासाची रजाही देते. त्याला किमान ४५० दिवसांचा कामाचा अनुभव घ्यावाच लागतो आणि परीक्षा तो नोकरीत राहूनच देतो. पगार दिला म्हणून तिथलं शिक्षण उणं झालेलं नाही. शिक्षण आणि मेहनताना एकाच टेबलावर नांदू शकतात. निवासी डॉक्टरही शिकतच असतो.

दुसरा आक्षेप मला खरोखर महत्त्वाचा वाटतो. ठाणे, डोंबिवली, वाशीतल्या एक-दोन भागीदारांच्या फर्मना हे परवडणार कसं? सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या ऑडिटला मिळणारी फी, छोट्या व्यापाऱ्याच्या रिटर्नला मिळणारी फी बघितली की हा प्रश्न बनावट नाही हे कळतं. किमान आकडा एका रात्रीत तिप्पट केला तर या फर्म आर्टिकल घेणंच बंद करतील आणि ज्यांच्यासाठी मी भांडते आहे त्यांचीच दारं बंद होतील. म्हणून भार एकट्या छोट्या फर्मवर टाकू नये. इन्स्टिट्यूटनं एक सामाईक विद्यावेतन निधी उभारावा. नोंदणीकृत कंपन्यांच्या लेखापरीक्षकांना मिळणारं मानधन वार्षिक अहवालात छापलेलं असतं; त्याचा एक छोटा हिस्सा या निधीत यावा. २०१९ पासून सीएच्या प्रत्येक प्रमाणपत्राला आणि अहवालाला यूडीआयएन हा स्वतंत्र ओळख क्रमांक लागतो, त्यामुळे कोणती फर्म किती आणि कसलं काम करते हे इन्स्टिट्यूटला माहीत असतं. छोट्या फर्मनं आज देते तेवढं द्यावं, वरचा फरक निधीनं थेट विद्यार्थ्याच्या खात्यात भरावा. केंद्र सरकारनं शिकाऊ उमेदवारांसाठी जो चौथा हिस्सा उचलला, तो या मुलांसाठीही उचलायला हरकत नसावी.

इन्स्टिट्यूटनं फर्मच्या पैशाच्या व्यवहारात पडू नये, असंही कोणी म्हणेल. पण ती पडतेच. सदस्यांनी अशिलाकडून कोणत्या कामाला किमान किती फी घ्यावी याचा शिफारशीचा तक्ता ती शहरांच्या वर्गवारीनुसार प्रसिद्ध करते. हा तक्ता काढणं योग्य आहे, मी त्याच्या बाजूनं आहे. फर्मला मिळणाऱ्या पैशाची चिंता करणाऱ्या संस्थेनं फर्मकडून जाणाऱ्या पैशाचीही तितकीच करावी. आणि किमान विद्यावेतन आकड्यात लिहून वर्षानुवर्षं तसंच ठेवू नये, त्याला महागाई निर्देशांकाची जोड द्यावी. कामगारांच्या किमान वेतनाला महागाई भत्ता जोडलेला असतो, तेव्हा त्याची पद्धत आपल्याकडे तयार आहे.

एक गोष्ट नव्या योजनेतच निस्तरली पाहिजे. आता आर्टिकलशिप संपल्यावर सहा महिने अभ्यासाला देऊन मग फायनलला बसता येतं. अभ्यासाच्या दृष्टीनं हे उत्तम, मुलांना शांतपणे वाचायला वेळ मिळतो. पण या सहा महिन्यांत विद्यावेतन शून्य, आणि क्लासची फी, टेस्ट सिरीज, लायब्ररीचा खर्च चालूच. निकालाची वाट बघण्यातले दोन महिने धरले तर वर्षाचा मोठा भाग बिनपगारी जातो, आणि तो पहिल्याच प्रयत्नात पास होणाऱ्याचा. परीक्षा वर्षातून तीनदा झाली म्हणून पुढचे प्रयत्न जवळ आले, एवढा दिलासा. आर्टिकलशिप पूर्ण केलेल्या पण फायनल न निघालेल्यांना बिझनेस अकाउंटिंग असोसिएट असं प्रमाणपत्र देण्याची सोय या योजनेत आहे. फार दिवसांची गरज होती ती. या मुलांच्या हातात आजवर दाखवायला फारसं काही नसे. आता नोकरी देणाऱ्यांनी, विशेषतः सहकारी बँका आणि मध्यम उद्योगांनी, या प्रमाणपत्राला मान दिला पाहिजे. पण ते मागचं नुकसान भरून काढतं, वाटेवरच्या खर्चाचं काय? निधी उभा राहिला तर या सहा महिन्यांसाठीही, घरचं उत्पन्न बघून, निर्वाहापुरती रक्कम त्यातून देता येईल.

या ओढाताणीला कंटाळून बरीच मुलं आता सीएफए (गुंतवणुकीचं विश्लेषण) किंवा एफआरएम (वित्तीय जोखीम) या परदेशी संस्थांच्या परीक्षांकडे बघतात. सीएफएच्या तीन पातळ्या, प्रत्येकीला साधारण तीनशे तासांचा अभ्यास सुचवलेला, आर्टिकलशिपचं बंधन नाही, आणि बीकेसीतल्या फंड हाऊसना ती पदवी चालते. विषय म्हणून तो अभ्यास उत्तम आहे. पण फी डॉलरमध्ये, एकेका पातळीला हजार डॉलरच्या वर. म्हणजे बदलापूरच्या मुलाला तोही रस्ता मोकळा नाही. शिवाय कारखान्यात जाऊन माल मोजायला, सोसायटीच्या वहीतली खाडाखोड ओळखायला ती परीक्षा शिकवत नाही, तो तिचा उद्देशही नाही. राज्यातल्या हजारो पतसंस्था, नागरी बँका, साखर कारखाने, छोटे निर्यातदार यांना लागणारा माणूस आर्टिकलशिपमधूनच तयार होणार आहे. एखाद्या सहकारी कारखान्याच्या ताळेबंदाशी मराठीत भांडू शकेल असा सीए त्याच घरांतून येण्याचा संभव जास्त, ज्या घरांना ही दोन वर्षं परवडत नाहीत.

विद्यावेतनाचा नियम बदलणं इन्स्टिट्यूटच्या परिषदेच्या हातात आहे. केंद्र सरकारच्या मान्यतेनं ती विनियम सुधारते, २०२३ ला सुधारलेच. परिषदेच्या आणि पश्चिम विभागीय मंडळाच्या निवडणुकीत मुंबई-ठाण्यातल्या सदस्यांच्या मतांना वजन आहे. उमेदवार तेव्हा फोर्टपासून कल्याणपर्यंत ऑफिसांचे जिने चढतात, सदस्यांसाठी काय काय करणार ते सांगतात. आर्टिकलला मत नसतं. त्याच्या प्रिन्सिपलला असतं. समोर बसलेल्या उमेदवाराला त्यानं दोनच गोष्टी विचाराव्यात: किमान विद्यावेतन किती करणार, आणि छोट्या फर्मचा फरक कुठून भरणार. उत्तर आकड्यात घ्यावं.